भूल देऊन पाठ मोकळी होते का?

कामणमध्ये कंबरदुखीला तोटा नाही. चिंचोटीला अहमदाबाद महामार्ग सोडून भिवंडीकडे वळलं की लागणारा रस्ता कामण, पोमण करत अंजूरफाट्याला जातो. त्यावर रात्रंदिवस कंटेनर, ट्रेलर आणि ‘छोटा हत्ती’ची वर्दळ असते. एका टोकाला भिवंडीची गोदामं, दुसऱ्या टोकाला वसई पूर्वेचे कारखान्यांचे गाळे, आणि मधल्या खड्ड्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात ठरलेल्या. ड्रायव्हरच्या पाठीला बसणारा हादरा वेगळा, गाळ्यात 50 किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्याचा भार वेगळा, आणि आषाढात आवणीला दिवसभर ओणवं राहणाऱ्या बाईची कंबर वेगळी. दुखतं मात्र तिघांचंही जवळपास एकाच जागी, कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या आसपास.

यावरचे उपायही ठरलेले आहेत. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या, कमरेला पट्टा, बाम आणि मग ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगायला एक एक्स-रे. जुन्या माणसांत अजूनही उसण भरली की पायाळू शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या कमरेवरून पाय फिरवला की उसण उतरते, असा समज. कोणी मालिशवाला गाठतो, कोणी हाडवैद्य. गेल्या काही वर्षांत यात मोबाइलची भर पडली आहे. रीलमध्ये एक जण टेबलावर पालथा असतो, दुसरा त्याच्या पाठीवर झटका देतो, ‘कट्’ असा मोठा आवाज येतो आणि रुग्ण हसत उठतो. बोट सरकवलं की पुढचा व्हिडिओ परदेशातला. रुग्णालयाचा पलंग, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, रुग्ण गाढ झोपलेला आणि दोघे जण त्याचे गुडघे छातीला भिडवून कंबर पिळताहेत. वर्षानुवर्षांचं दुखणं भूल देऊन 3 दिवसांत मोकळं केलं, असा दावा. मग कोणीतरी विचारतंच, हे आपल्याकडे कुठे करतात आणि करून घ्यावं का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पाठीसाठी करून घेऊ नये. पण नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही, कारण ही पद्धत काही कालच्या भोंदूने काढलेली नाही. तिच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि शरीराच्या दुसऱ्या एका सांध्यावर ती खरोखरच वापरली जाते.

आधी प्रत्यक्षात काय करतात ते पाहू. डॉक्टरी बोलीत हिला एमयूए म्हणतात, म्हणजे मॅनिप्युलेशन अंडर अ‍ॅनेस्थेशिया. अमेरिकेत ही पद्धत मुख्यतः हाताच्या झटक्यांनी उपचार करणारे कायरोप्रॅक्टर व ऑस्टिओपॅथ आणि काही अस्थिरोगतज्ज्ञ करतात. कित्येक आठवडे गोळ्या, व्यायाम आणि साधी हाताची चिकित्सा करूनही फरक पडला नाही, तर रुग्णाला ही सुचवली जाते. रुग्ण उपाशीपोटी येतो. भूलतज्ज्ञ शिरेतून प्रोपोफॉल देतो, ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन, आणि मिनिटभरात स्नायू सैल पडतात. एक जण पाय सरळ ठेवून टाच वर उचलतो, जितका जाईल तितका. मग एक गुडघा छातीकडे, नंतर दोन्ही. मग रुग्णाला कुशीवर वळवून खांदा एका बाजूला आणि कंबर दुसऱ्या बाजूला दाबत शेवटी छोटा, वेगवान झटका. दुसरा माणूस रुग्णाचं अंग धरून असतो, कारण झोपलेलं शरीर स्वतःला सावरत नाही. एक बैठक पाव ते अर्ध्या तासाची. प्रचलित शिरस्त्यानुसार अशा बैठका लागोपाठ 3 दिवस करतात आणि त्यानंतर काही आठवडे रोज ताण देण्याचे व बळ वाढवण्याचे व्यायाम. हा शेवटचा भाग व्हिडिओत दिसत नाही.

यामागचा तर्क सरळ आहे. दुखरी पाठ स्वतःला आवळून घेते. जागेपणी कोणी हात लावला तरी स्नायू ताठ होतात आणि सांधा त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जातच नाही. भूल दिली की हा पहारा उठतो, कमी जोरात सांधा जास्त फिरतो आणि आत धरलेले चिकट धागे सुटतात. ऐकायला पटण्यासारखं आहे. कित्येक नामांकित डॉक्टरांनाही ते पटलं होतं.

एकोणिसाव्या शतकात लंडनला रिचर्ड हटन नावाचा एक हाडवैद्य होता. त्याच्या आजारपणात पीटर हूड या डॉक्टरने त्याच्यावर फुकट उपचार केले. उपकार फेडायचे म्हणून हटनने आपली विद्या डॉक्टरच्या मुलाला, व्हार्टन हूडला, शिकवली. या धाकट्या हूडने 1871 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हटनची तंत्रं उघड करून मांडली. त्याआधी चार वर्षं, 1867 मध्ये, सर जेम्स पॅजेट या मोठ्या शल्यचिकित्सकाने हाडवैद्यांकडे बरे होणारे रुग्ण कोणते, यावर व्याख्यान देऊन आपल्या व्यवसायबंधूंचे कान टोचले होते. या लोकांतलं चांगलं उचला आणि वाईट टाळा, असा त्याचा सूर होता. आपल्याकडच्या हाडवैद्यांबद्दल अशा मोकळ्या मनाने कोणी शल्यचिकित्सक बोलला असता, तर बरं झालं असतं.

हटनच्याच परंपरेतला पुढचा गाजलेला माणूस हर्बर्ट बार्कर. त्याच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, पण खेळाडूंचे आणि बड्या लोकांचे अडकलेले गुडघे सोडवण्यात त्याचा हातखंडा होता. ही कामं तो भूल देऊन करी. भूल अर्थातच डॉक्टरने द्यायची. तो डॉक्टर होता एफ. डब्ल्यू. अ‍ॅक्सहॅम. बिनपदवीच्या माणसाला साथ दिली म्हणून ब्रिटिश वैद्यक परिषदेने 1911 मध्ये अ‍ॅक्सहॅमचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं. पुढे 1922 मध्ये बार्करला सर किताब मिळाला. अ‍ॅक्सहॅम 1926 मध्ये वारला, पण त्याचं नाव नोंदवहीत परत आलं नाही. झटका देणारा दरबारात आणि भूल देणारा घरी, असा हा न्याय. भूल देणं हा या उपचारातला सर्वांत जबाबदारीचा भाग आहे, एवढं मात्र त्या परिषदेने बरोबर ओळखलं होतं.

ही कल्पना जिथे खरोखर बसते तो सांधा म्हणजे खांदा. मधुमेहींचा खांदा जखडतो हे घराघरांत माहीत आहे. हात वर जात नाही, शर्ट घालताना डोळ्यांतून पाणी येतं. यात सांध्याभोवतीचं आवरण खरोखर जाड होऊन आक्रसतं. शस्त्रक्रियेत ते दिसतं, हाताला लागतं. भूल देऊन डॉक्टर दंड हळूहळू वर नेतो, तेव्हा ते आवरण फाटल्याचं त्याच्या हाताला जाणवतं आणि हात तिथल्या तिथे वर जातो. मुंबई-ठाण्यातले अस्थिरोगतज्ज्ञ हे अनेक वर्षं करत आले आहेत. तरीही ब्रिटनमधल्या 35 रुग्णालयांत 503 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले, तेव्हा चित्र जरा वेगळं निघालं. भूल देऊन खांदा सोडवणं, दुर्बिणीतून आवरण कापणं आणि सांध्यातल्या इंजेक्शनसह नेटाने केलेली फिजिओथेरपी, या तिन्हींत वर्षभरानंतर रुग्णाला जाणवावा असा मोठा फरक नव्हता. फाटायला हवी अशी ठोस गोष्ट जिथे आहे, त्या सांध्याची ही कथा.

आता पाठीकडे या. पाठीत नेमकं काय फाडायचं?

कमरेत 5 मणके. दोन मणक्यांमध्ये एक गादी, म्हणजे डिस्क, आणि मागच्या बाजूला डावे-उजवे दोन छोटे सांधे. गादी सरकली असं आपण म्हणतो, पण गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला इतकी घट्ट चिकटलेली असते की ती सरकू शकत नाही. फार तर तिच्या कडेला चीर पडून आतला मऊ भाग बाहेर डोकावतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला लागतो. पायात कळ जाते ती यामुळे. हा बाहेर आलेला भाग बऱ्याच वेळा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. तो झटक्याने आत जात नाही. 1964 मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सकांनी गादीच्या रुग्णांना भूल देऊन त्यांची कंबर पिळली आणि आधी-नंतर रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले. कित्येकांना बरं वाटलं, पण चित्रातला फुगवटा होता तिथेच होता.

‘गॅप’चंही तेच. दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर काय दिसतं? 2015 मध्ये अशा 3,110 जणांचे अहवाल एकत्र करून पाहिले. पाठ अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीतल्यांपैकी 96 टक्क्यांच्या. म्हणजे एमआरआयवरची झीज बऱ्याचदा पिकल्या केसांइतकीच अर्थपूर्ण. पण तो कागद हातात आला की माणूस घाबरतो, वाकायचं बंद करतो, न वाकल्याने पाठ आणखी आखडते, आणि मग ती ‘सोडवायला’ कोणीतरी हवा असतो.

राहिला तो आवाज. हाडावर हाड बसल्याचा तो आवाज नव्हे. सांध्याच्या आत चिकट द्रव असतो. दोन पृष्ठभाग झटकन दूर ओढले की आतला दाब एकदम पडतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये एमआरआय यंत्रातच बोटं ओढून तो क्षण टिपला. आवाज आला त्याच वेळी सांध्यात काळी पोकळी उमटली. ती विरेपर्यंत तोच सांधा पुन्हा वाजत नाही. एवढाच त्याचा अर्थ. काही जागेवर बसलं, काही निघालं, असा त्याचा अर्थ नाही.

म्हणजे चिकट धागे तोडणं, मणका बसवणं आणि गादी आत ढकलणं, या तिन्ही स्पष्टीकरणांना पाठीत भक्कम आधार नाही. तरीही एमयूए केलेल्यांना बरं वाटल्याचे अहवाल आहेत आणि ते सगळे खोटे मानायचं कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. कशाच्या तुलनेत बरं?

इथे आपला पायाळू कामी येतो. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. असह्य झाली की माणूस पायाळूकडे जातो, म्हणजे दुखणं कळसाला पोहोचल्यावर जातो, आणि कळसानंतर उतारच असतो. श्रेय पायाला. जुनाट कंबरदुखीही अशीच वरखाली होत राहते. रुग्णालयात भरती होऊन भूल घेण्याइतका माणूस कधी तयार होतो? दुखणं टोकाला गेल्यावरच. त्यावर 3 दिवस कामातून सुटका, आजूबाजूला डॉक्टरांचा ताफा, मोठा खर्च, मोठी आशा आणि नंतर कित्येक आठवडे देखरेखीखाली व्यायाम. यातल्या कशाने बरं वाटलं?

2005 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास यावर बराच प्रकाश टाकतो. जुनाट कंबरदुखीच्या 68 रुग्णांना आधी काही आठवडे जागेपणीच हाताचे झटके दिले. त्यानंतर 42 जणांना औषधाने झोपवून ते केलं आणि उरलेल्या 26 जणांचं जागेपणीचंच चालू ठेवलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे निष्कर्ष जपूनच घ्यायचे. तीन महिन्यांनी झोपवलेल्यांची स्थिती थोडी सरस होती. वर्षाअखेर तो फरक जवळपास मावळला होता.

खरी परीक्षा सोपी आहे. सगळ्यांना भूल द्यायची, अर्ध्यांची पाठ पिळायची, अर्ध्यांना नुसतं झोपू द्यायचं आणि कोणाचं काय केलं हे वर्षभर कोणालाच सांगायचं नाही. भूल हा तर अशा परीक्षेसाठी आयता पडदा. ‘मी झोपलो असताना काय केलं’ हे रुग्णाला कळूच शकत नाही. गुडघ्याच्या बाबतीत असं करून पाहिलेलं आहे. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी झिजलेल्या गुडघ्याच्या 180 रुग्णांपैकी काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुऊन-घासून काढला आणि काहींना त्वचेवर फक्त छेद दिले. दोन वर्षांत दोन्हींत फरक आढळला नाही. पाठीच्या एमयूएची मोठ्या प्रमाणावर अशी परीक्षा झालेली नाही, आणि अमेरिकेतल्या मोठ्या विमा कंपन्याही पाठीसाठी ही पद्धत अजून प्रायोगिकच मानतात. विमा कंपन्यांचा हात पैसे देताना आखडतो हे खरं, पण इथे त्यांचं म्हणणं रास्त आहे.

धोक्याचं काय? ज्या पहाऱ्याला भूल झोपवते, तो पहारा काही निरर्थक नसतो. जागा माणूस ‘आई गं’ म्हणतो, पायात मुंग्या गेल्या तर सांगतो, आणि हाताखालचा स्नायू ताठ झाला की अनुभवी चिकित्सक थांबतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले जेम्स सिरिअ‍ॅक्स हे हाताच्या चिकित्सेचे कट्टर पुरस्कर्ते. पण रुग्णाचं सहकार्यच हरवतं म्हणून पाठीच्या बाबतीत भूल देऊ नये, असं तेही सांगत. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा जुडगा लोंबत असतो आणि पाय, लघवी, शौच यांचा सगळा कारभार त्याच्याकडे असतो. मोठी गादी फुटून त्या जुडग्यावर आली की त्या स्थितीला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. कंबरेच्या झटक्यानंतर ही आफत ओढवलेल्या प्रसिद्ध प्रकरणांचा 1992 मध्ये आढावा घेतला गेला. निम्म्याहून अधिक रुग्णांना झटका भूल देऊन दिलेला होता. अशी प्रकरणं एकूणात विरळा आहेत. पण जागेपणीचा झटका लाखो लोक घेतात आणि भुलीतला मूठभर, हे ध्यानात घेतलं की त्या ‘निम्म्याहून अधिक’चं वजन कळतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि हाडाचा क्षय सर्वांत जास्त मणक्यालाच होतो. त्यात मणका आतून पोखरला जातो. सुरुवातीला असते ती फक्त कंबरदुखी. मग संध्याकाळची कणकण, कपडे सैल होणं, रात्री जास्त दुखणं. अशा मणक्यावर झटका देणं म्हणजे अधू होण्याला आमंत्रण. अमेरिकेतल्या पुस्तकात मणक्याचा क्षय एका ओळीत उरकतो, पालघर जिल्ह्यात तो उरकता येत नाही. साठी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायका, कर्करोग होऊन गेलेले, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे, या सगळ्यांनीही झटक्यापासून दूरच राहावं, मग तो भुलीत असो की जागेपणी.

भूल आणि कंबर यांचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमजही. ‘सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली तेव्हापासून कंबर गेली’ असं कितीतरी बायका सांगतात. प्रसूतीच्या वेळी पाठीतून दिलेल्या भुलीचा आणि पुढच्या कायमच्या कंबरदुखीचा संबंध शोधायला अभ्यास झाले, त्यांत तो आढळला नाही. गरोदरपणात ताणलेलं पोट, रात्र रात्र बाळाला वाकून पाजणं आणि महिन्याभरात हंडे-कळशी उचलायला लागणं, ही कारणं जास्त खरी आहेत. पण सुईला दोष देणं सोपं असतं, सासरला देणं अवघड.

पाठीची एमयूए आपल्याकडे रुळलेली नाही. जागेपणीचे झटके देणारे मात्र शहरात झपाट्याने वाढताहेत. कायरोप्रॅक्टिक ही विद्या डी. डी. पामर याने 1895 मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिकडे त्यासाठी काही वर्षांचा अभ्यासक्रम आणि परवाना लागतो. भारतात तिच्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवरच्या त्या शब्दामागे काय शिक्षण आहे हे पाटीवरून कळत नाही. फिजिओथेरपिस्टचं तसं नाही. राज्यात त्यांची परिषद आहे, नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारण्यात संकोच करण्याचं कारण नाही. उद्या कोणी ‘भूल देऊन पाठ सोडवतो’ म्हणालाच, तर भूल पदव्युत्तर शिक्षण घेतलेला भूलतज्ज्ञ देणार का, तिथे हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन मोजणारी यंत्रणा आहे का, आणि क्षय तपासला का, एवढं तरी विचारा. उत्तराला टाळाटाळ झाली तर उठा.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. जगात 2020 मध्ये 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसाला अपंगत्वाची वर्षं देण्यात तिचा पहिला क्रमांक लागतो. या सूचनांत व्यायाम, दुखण्याबद्दलचं शिक्षण, मानसिक आधार आणि आवश्यक तिथे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांना जागा आहे. जागेपणीच्या हाताच्या चिकित्सेलाही आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ओढणं मात्र नेहमीचा उपचार म्हणून नको असं सांगितलं आहे. आपल्याकडे याच दोन गोष्टींवर बरेच पैसे जातात.

ऑस्ट्रेलियातल्या 701 लोकांवरची एक चाचणी 2024 मध्ये आली. ती कामणसाठीच केली होती की काय असं वाटावं, इतकी साधी. नुकतीच कंबरदुखीतून उठलेली माणसं घेतली. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टने काही भेटींत समजावून चालायला लावलं, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास. उरलेल्यांना तसंच सोडलं. दुखणं परत येईपर्यंत चालणाऱ्यांना 208 दिवस मिळाले, न चालणाऱ्यांना 112. कामणच्या हमरस्त्याच्या कडेने कंटेनर चुकवत चाला, असं कोणी सांगणार नाही. पण तुंगारेश्वरच्या डोंगराच्या बाजूला वाटा आहेत आणि पहाट मोकळी असते.

दिवसाची मजुरी बुडवून व्यायाम शिकायला जाणं सोपं नाही, हे मान्य. भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय 1950च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएममध्ये निघालं आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. तिथे कामण रोड स्टेशनहून वसई गाठत मोजक्या गाड्यांनी जाऊन संध्याकाळी परतायचं, तर एक दिवस गेलाच. पण व्यायाम शिकायला फार फेऱ्या लागत नाहीत. शिकून झाले की घरच्या चटईवर करायचे असतात. 3 दिवस भूल देऊन पिळलेली पाठही शेवटी त्याच चटईवर येते.

आणि पाठ सोमवारी पुन्हा त्याच गोणीखाली जाणार असेल, तर कोणताही उपचार किती पुरणार? वजन उचलण्यासाठी अमेरिकेच्या सरकारी संस्थेने केलेल्या सूत्रात, ओझं अंगाजवळ, पकड चांगली, वळणं नाही, अशा आदर्श स्थितीतही कमाल वजन 23 किलो धरलं आहे. आपली सिमेंटची गोणी 50 किलोची. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला, तो देशात गाजला. पण आडवळणाच्या गाळ्यात रोजंदारीवर येणारा पोरगा माथाडी मंडळाच्या वहीत असेलच असं नाही. गाळेमालकांनी एक ढकलगाडी घेतली आणि गोणी दोघांनी उचलायची शिस्त लावली, तर ते पाठीच्या कोणत्याही झटक्यापेक्षा स्वस्त पडेल.

वाचकांना शेवटी एवढंच सांगायचं आहे. कमरेच्या बहुतेक दुखण्यांना घाई नसते, पण एकाला असते. कंबर दुखत असताना लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघा आणि बैठकीचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर मालिश नको, पट्टा नको, झटका तर नकोच. 108 ला फोन करून मणक्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री पोहोचा, सकाळची वाट पाहू नका.